सेंद्रिय खाल्ल्याने रक्तदाब उतरतो का?

वाचकहो, गेल्या काही महिन्यांत एक प्रश्न मला दवाखान्यात, आठवडी बाजारात आणि लग्नाच्या पंगतीतही विचारला गेला आहे. “डॉक्टरसाहेब, आम्ही आता घरी सगळे सेंद्रियच खातो. मग रक्तदाब आपोआप उतरेल ना?” काही जण एक पाऊल पुढे जातात. गोळ्या बंद करतात आणि मग विचारतात. या दुसऱ्या प्रकारच्या मंडळींसाठीच हा लेख मुख्यतः लिहीत आहे.

प्रश्न चुकीचा नाही. आपल्या वऱ्हाडात तो उठावा हे साहजिकच आहे. रासायनिक खत-औषधांविना शेती करण्याचा विचार देशभर नेणारे सुभाष पाळेकर हे आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याचे. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. (ते आपल्या पद्धतीला सेंद्रिय न म्हणता नैसर्गिक शेती म्हणतात आणि दोन्हींत फरक करतात. पण खाणाऱ्याच्या दृष्टीने इथे दोन्हींचा विचार एकत्र करू.) अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाने सेंद्रिय शेतीचे मिशन सुरू झाले. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्यानंतर “विषमुक्त” हा शब्द घराघरात गेला. फवाऱ्याची भीती ज्यांनी डोळ्यांनी पाहिली, त्यांनी ताटातल्या अन्नाबद्दल विचार करावा यात नवल नाही.

परंतु चांगली गोष्ट ज्या कामासाठी चांगली आहे, त्याच कामासाठी तिला वापरावे. विळा चांगला म्हणून कोणी त्याने विहीर खणत नाही.

रक्तदाब म्हणजे काय?

शेतातली मोटर आणि पाइप डोळ्यांसमोर आणा. हृदय ही मोटर, रक्तवाहिन्या हे पाइप. मोटर जोरात पाणी ढकलते तेव्हा पाइपाच्या आतून जो ताण पडतो तो वरचा आकडा, आणि दोन ठोक्यांच्या मधल्या विसाव्यात जो उरतो तो खालचा आकडा. नीट विश्रांती घेऊन, वेगवेगळ्या दिवशी मोजूनही हा आकडा १४०/९० किंवा त्याहून जास्त येत असेल, तर त्याला उच्च रक्तदाब म्हणतात.

पाइपातला ताण वाढण्याची कारणे मुख्यतः दोन. एक, आतले पाणी वाढले. दोन, पाइप अरुंद किंवा कडक झाला. मीठ जास्त खाल्ले की त्यातले सोडियम शरीरात पाणी धरून ठेवते, म्हणून रक्ताचे आकारमान वाढते. वय, तंबाखू, लठ्ठपणा आणि काही अंशी आनुवंशिकता यांनी वाहिन्या कडक होतात. पोटॅशियम हा क्षार मात्र उलट काम करतो. तो जास्तीचे सोडियम लघवीवाटे बाहेर काढायला मूत्रपिंडाला मदत करतो आणि वाहिन्या सैल ठेवतो. पोटॅशियम मिळते भाज्या, फळे, डाळी आणि कंदमुळांतून.

एवढे लक्षात ठेवले की पुढचे सगळे समजायला सोपे जाते.

सेंद्रिय म्हटल्याने अन्नात काय बदलते?

सेंद्रिय हा शब्द धान्य कसे पिकवले ते सांगतो. त्यात रासायनिक खत नाही, रासायनिक फवारा नाही. ते धान्य घरात आल्यावर त्याचे काय केले, किती खाल्ले, त्यात काय घातले, याबद्दल तो शब्द काहीच सांगत नाही.

शेतात शेणखत टाकले काय नि युरिया टाकला काय, ज्वारीच्या दाण्यात मीठ जवळपास नसतेच. मीठ येते ते आपल्या डब्यातून. सेंद्रिय उडदाच्या पापडात पापडखार आणि मीठ तेवढेच असते जेवढे साध्या पापडात. सेंद्रिय कैरीचे लोणचे टिकते ते मिठामुळेच. सेंद्रिय मिरचीच्या ठेच्यात मूठभर मीठ घातले, तर शरीर त्या मिरचीचे सातबारा पाहत बसत नाही. आणि सेंद्रिय गूळ म्हणून तो चहात दुप्पट घातला, तर वजन वाढायचे ते वाढतेच.

संशोधन काय सांगते?

या प्रश्नावर जगात बरेच काम झाले आहे. २०१२ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या अभ्यासकांनी दोनशेहून अधिक अभ्यास एकत्र तपासले. सेंद्रिय अन्नात कीटकनाशकांचे अंश कमी आढळतात हे त्यांना दिसले. परंतु जीवनसत्त्वे आणि क्षार यांत सातत्याने मोठा फरक सापडला नाही. २०१४ साली इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठातल्या संशोधकांनी ३४३ प्रकाशित अभ्यास एकत्र केले. त्यांना सेंद्रिय पिकांत काही उपयुक्त वनस्पतिद्रव्ये जास्त आणि कॅडमियम हा घातक धातू कमी आढळला. म्हणजे फरक मुळीच नाही असे म्हणणेही बरोबर नव्हे.

पण हे झाले पिकांबद्दल. माणसाचा रक्तदाब उतरतो का? फ्रान्समध्ये २००९ पासून हजारो लोकांच्या आहाराचा एक मोठा अभ्यास चालू आहे. त्यातून २०१७ साली असे दिसले की सेंद्रिय अन्न जास्त खाणाऱ्यांमध्ये पोटाचा घेर, साखर, चरबी आणि रक्तदाब हे सारे एकत्र बिघडण्याचे प्रमाण कमी होते. हे वाचून कोणी म्हणेल, पाहा, सिद्ध झाले. इथे थोडे थांबावे लागते. जे लोक सेंद्रिय विकत घेतात ते बहुधा भाज्या-फळेही जास्त खातात, सिगारेट कमी ओढतात, व्यायाम करतात, आणि त्यांच्या खिशात पैसेही जास्त असतात. संशोधक हिशेबातून हे फरक वजा करण्याचा प्रयत्न करतात, पण ते पूर्णपणे वजा होत नाहीत. ज्याच्या घरी ट्रॅक्टर आहे त्याची मुले जास्त शिकतात, म्हणून ट्रॅक्टरमुळे शिक्षण आले असे आपण म्हणत नाही. तसेच हे.

खरी कसोटी म्हणजे सारख्या लोकांचे दोन गट करायचे, दोघांनाही तेच पदार्थ तेवढेच द्यायचे, फक्त एका गटाचे सेंद्रिय आणि दुसऱ्याचे साधे, आणि मग दाब मोजायचा. अशा कसोटीत सेंद्रिय अन्नाने रक्तदाब खात्रीने उतरतो असे सिद्ध झालेले नाही.

जंगलाजवळ राहूनही

कोणी म्हणेल, हे परदेशातले अभ्यास, आमचे काय? तर आपल्या मेळघाटाकडेच पाहू. डोंगरउतारावरच्या कोरकू बांधवांच्या शेतात कोदो, कुटकी, सावा ही धान्ये पिढ्यान्‌पिढ्या पिकत आली. त्यांना कोणी रासायनिक खत घालत नसे. पावसाळ्यात तरोट्याची भाजी रानातून येते. सेंद्रिय हा शब्द जन्माला येण्याआधीपासूनचे हे अन्न आहे.

तरीही उच्च रक्तदाब इथे आहे. डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखाली देशातल्या आदिवासींच्या आरोग्याबद्दल केंद्र सरकारने नेमलेल्या समितीचा अहवाल २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात म्हटले आहे की चार आदिवासी प्रौढांपैकी एकाला उच्च रक्तदाब आहे. त्यांतल्या फारच थोड्यांना आपल्याला तो आहे हे ठाऊक होते. माझ्या दवाखान्यातही हेच दिसते. तापासाठी किंवा कंबरदुखीसाठी आलेल्या माणसाच्या दंडाला पट्टा बांधावा, आणि आकडा १७० निघावा. त्याला स्वतःला काहीच त्रास नसतो.

१९८८ साली ३२ देशांतल्या ५२ ठिकाणी, दहा हजारांहून अधिक लोकांचा रक्तदाब आणि लघवीतले मीठ मोजणारा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ब्राझीलच्या जंगलातले यानोमामी आदिवासीही होते. ते मीठ जवळपास खातच नाहीत. त्यांच्यात उच्च रक्तदाब जवळपास नव्हता, आणि आपल्याकडे वयाबरोबर चढतो तसा तो चढतही नव्हता. आपल्या जंगलात मात्र मीठ केव्हाच पोचले. त्याच्या मागोमाग तंबाखू, खर्रा आणि चिवड्याच्या पुड्याही आल्या. कुटकी तीच राहिली, पण बाजूचे ताट बदलले.

मग दाब उतरतो कशाने?

१९९७ साली अमेरिकेत ४५९ लोकांवर एक सुंदर प्रयोग झाला. त्याला “डॅश” म्हणतात. लोकांना आठ आठवडे ठरलेला आहार शिजवून दिला. एका गटाला नेहमीचा अमेरिकन आहार, दुसऱ्याला भरपूर फळे-भाज्यांचा, तिसऱ्याला भरपूर फळे-भाज्या, कमी स्निग्धांशाचे दूध-दही, सबंध धान्ये आणि थोडे दाणे असा आहार. मीठ आणि वजन सर्वांचे सारखे ठेवले. तिसऱ्या गटात ज्यांना उच्च रक्तदाब होता त्यांचा वरचा आकडा नेहमीचा आहार घेणाऱ्यांपेक्षा सुमारे ११ आणि खालचा सुमारे ५ अंकांनी जास्त उतरला. एका गोळीने साधारण एवढाच उतरतो. आणि या आहारात पदार्थ सेंद्रिय असण्याची अट नव्हती.

२००१ साली याच मंडळींनी मीठही टप्प्याटप्प्याने कमी करून पाहिले. मीठ जसजसे कमी केले तसतसा दाब आणखी उतरला. चांगला आहार आणि कमी मीठ दोन्ही एकत्र आले, तेव्हा सर्वांत जास्त फायदा झाला.

हा आहार आपल्या ताटात आणायला अमेरिकेला जायला नको. ज्वारीची भाकर, तुरीचे किंवा मुगाचे वरण, अंबाडी, मेथी, पालक, तरोटा, चवळीच्या शेंगा, कोशिंबीर, बिनमिठाचे ताक, मूठभर खारे नसलेले शेंगदाणे, आणि हंगामाप्रमाणे केळी, पेरू, सीताफळ किंवा आपल्या वरुड-मोर्शीकडची संत्री. हाच आपला डॅश. भाजी वाटीभर न घेता ताटाचा निम्मा भाग तिने भरावा, एवढा एकच बदल करायचा आहे.

आता व्यवहाराचा मुद्दा. समजा भाजीसाठी हातात ठरावीक पैसे आहेत. त्या पैशांत सेंद्रिय भाजी पाव किलो येते आणि साधी अर्धा किलो. रक्तदाबाच्या दृष्टीने मी अर्धा किलो घ्या म्हणेन. नीट तीन पाण्यांनी धुवा आणि पोटभर खा. महाग म्हणून भाजीच कमी झाली, तर सेंद्रियाच्या नावाने तोटाच झाला. पण ज्यांच्या घरामागे जागा आहे त्यांनी परसबाग करावी. शेणखत घरचे, सांडपाणी घरचे, आणि भाजी फुकट. तिथे सेंद्रिय आणि भरपूर ही दोन्ही कामे एकाच वाफ्यात होतात.

घरचे मीठ मोजा

जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसासाठी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगितले आहे. म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, आणि त्यात सगळे आले. भाजीतले, भाकरीतले, लोणच्यातले, फरसाणातले. २०१७-१८ च्या राष्ट्रीय पाहणीत भारतीय प्रौढ माणूस दिवसाला सरासरी ८ ग्रॅम मीठ खातो असे आढळले.

आपल्या घरी किती जाते हे कळायला प्रयोगशाळा नको. उद्या मिठाचा नवा पुडा फोडाल तेव्हा त्यावर तारीख लिहून ठेवा, आणि संपेल त्या दिवशी दिवस मोजा. पाच मोठ्या माणसांच्या घरात माणशी ५ ग्रॅम म्हणजे दिवसाला २५ ग्रॅम, महिन्याला ७५० ग्रॅम. म्हणजे एक किलोचा पुडा निदान चाळीस दिवस पुरला पाहिजे. तोही बाहेरचे पापड, चिवडा, शेव, बिस्किटे काहीच येत नसतील तर. माझ्या माहितीतल्या अनेक घरांत तो वीस-पंचवीस दिवसांतच संपतो. उन्हाळ्यात पापड-कुरडया-लोणच्यांचे मीठ वेगळेच.

कमी करण्याची पद्धतही सोपी आहे. एकदम अळणी केले तर घरात भांडण होते आणि तिसऱ्या दिवशी मिठाची बरणी ताटाजवळ येते. दर आठवड्याला थोडे थोडे कमी करा. जीभ काही आठवड्यांत जुळवून घेते. लिंबू, आमचूर, जिरे, लसूण, कोथिंबीर यांनी चव राखता येते. ताटात वाढलेले मीठ आणि ताकातले मीठ आधी बंद करा. भाकरीच्या पिठात मीठ घालत असाल तर ते सोडा. ठेचा, पापड आणि लोणचे यांपैकी एका जेवणाला एकच, तेही थोडे.

पुड्यातले पदार्थ घेताना समोरचे “सेंद्रिय” किंवा “नैसर्गिक” वाचून थांबू नका. पुडा उलटा करा. मागे सोडियम किती मिलिग्रॅम ते छापलेले असते. ४०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे एक ग्रॅम मीठ, एवढा हिशेब पाठ करा.

“उन्हाळ्यात घाम येतो, शेतात काम असते, मग मीठ नको का?” असाही प्रश्न येतो. घामातून मीठ जाते हे खरे, पण रोजच्या जेवणातले मीठ बहुतेकांना पुरेसे असते. पाणी मात्र भरपूर प्यावे. उन्हाने गळून गेल्यास किंवा जुलाब झाल्यास जलसंजीवनी घ्यावी. ते त्या वेळचे औषध आहे, रोजचे सरबत नव्हे.

सैंधव आणि दुसरी मिठे

सेंद्रिय आहारासोबत हल्ली गुलाबी सैंधव मीठही घरात येते. सैंधव हेही मुख्यतः तेच मीठ, तेच सोडियम. त्यात इतर क्षार आहेत, पण इतके किंचित की त्यांनी दाब उतरणार नाही. शिवाय त्यात बहुधा आयोडीन मिसळलेले नसते. घरात गर्भवती किंवा लहान मुले असतील तर ही उणीव महाग पडू शकते. आयोडीनयुक्त मीठच वापरा, पण कमी वापरा.

एक मीठ मात्र खरोखर वेगळे आहे. त्यातला काही भाग सोडियम काढून तिथे पोटॅशियम घातलेले असते. चीनच्या ६०० खेड्यांत, सुमारे २१ हजार लोकांवर झालेला याचा प्रयोग २०२१ साली प्रसिद्ध झाला. पाच वर्षांच्या आसपास हे मीठ वापरणाऱ्यांत पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्क्यांनी कमी निघाले. परंतु ज्यांना मूत्रपिंडाचा आजार आहे किंवा रक्तदाबाच्या काही विशिष्ट गोळ्या चालू आहेत, त्यांच्या रक्तात पोटॅशियम धोक्याच्या पातळीवर चढू शकते. म्हणून आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते आणू नये.

खर्रा, वजन आणि चालणे

ताट सुधारले आणि गालात खर्रा तसाच राहिला, तर अर्धे काम वाया गेले. तंबाखूतले निकोटिन वाहिन्या आवळते आणि हृदयाचे ठोके वाढवते. रक्तदाब असलेल्याने तंबाखू खाणे म्हणजे तुंबलेल्या पाइपावर दगड ठेवणे. दारू, मग ती बाटलीतली असो वा मोहाची, दाब वाढवतेच. मोहफूल सेंद्रिय असले तरी तिच्यात फरक पडत नाही.

वजन जास्त असेल तर एक किलो घटवल्यावर वरचा आकडा साधारण एक अंकाने उतरतो, असे अनेक अभ्यासांतून दिसले आहे. शेतात राबणाऱ्यांना व्यायाम सांगायची गरज नाही. दुकानात, कचेरीत, शाळेत बसणाऱ्यांनी मात्र आठवड्यातून पाच दिवस, रोज अर्धा तास झपझप चालावे.

गोळी कायले?

मागच्या वर्षी एक निवृत्त गृहस्थ तपासायला आले. पूर्वी त्यांचा दाब गोळीने १३०/८० च्या आसपास असे. त्या दिवशी १९०/११० निघाला. विचारले तर म्हणाले, “डाक्टरसाहेब, आता घरी सारं शेणखताचंच हाय. मंग गोई कायले खावा? चार महिने झाले, सोडली.” मी विचारले, “काकाजी, सोडल्यावर दाब मोजला होता का?” तर म्हणे, “कायले मोजा? मले तं काईच होत नोयतं.”

घोटाळा इथेच आहे. दाब दुखत नाही. काही होत नाही म्हणून तो उतरला असे समजायचे, आणि एक दिवस तो मेंदूतली वाहिनी फोडतो किंवा तुंबवतो. गडचिरोली जिल्ह्यातल्या ८६ गावांत २०११ ते २०१३ या काळात झालेल्या मृत्यूंचा अभ्यास झाला. त्यात दर सात मृत्यूंपैकी एक पक्षाघाताने झालेला होता, आणि मृत्यूच्या कारणांत तो पहिल्या क्रमांकावर होता. ही गावे आपल्यासारखीच, जंगलाच्या कडेची.

पक्षाघात झाल्यावर रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, तेही मेंदूचे स्कॅन करून. धारणीहून हरिसाल, सेमाडोह, परतवाडा करत अमरावती गाठायची म्हटले तर त्या वेळेचा मोठा भाग घाटातच जातो. शहरातला माणूस कदाचित वेळेत पोचेल. आपल्याला आजार होऊच नये याचीच जास्त काळजी घ्यावी लागते, आणि त्यात रोजच्या गोळीचे मोल फार मोठे आहे. तोंड वाकडे होणे, एक हात लुळा पडणे, बोबडी वळणे यांपैकी काहीही अचानक दिसले, तर अंगारा-धुपारा किंवा “सकाळी पाहू” यात वेळ न घालवता १०८ ला फोन करावा.

काकाजींना मी एवढेच समजावले की तुमचे शेणखताचे अन्न चालू ठेवा, पण गोळीही पुन्हा सुरू करा. दोघांचे वैर नाही. आहार सुधारून, मीठ कमी करून, वजन उतरवून दाब खरोखर खाली आला, तर गोळीचा डोस कमी करता येतो. पण ते मोजून, टप्प्याने आणि डॉक्टरांनीच करायचे. काही गोळ्या एकदम बंद केल्या तर दाब पूर्वीपेक्षाही वर उसळतो. काकाजींचा दाब काही आठवड्यांत पुन्हा ताळ्यावर आला.

सेंद्रियाचे खरे पुण्य

एवढे वाचून कोणी म्हणेल, मग डॉक्टरांचा सेंद्रियाला विरोध आहे. मुळीच नाही. फवारणीचे विष खाणाऱ्याच्या ताटात अंशाने येते, पण फवारणाऱ्याच्या कातडीवर, नाकात आणि डोळ्यांत ते थेट जाते. यवतमाळने ते २०१७ साली दाखवून दिले. ज्या शेतात ते विष येत नाही त्या शेतातला मजूर, त्याची बायको, बांधावर खेळणारे पोर आणि विहिरीचे पाणी सुरक्षित राहते. जमिनीत गांडुळे राहतात. सेंद्रिय माल विकत घेणारा माणूस हे पुण्य विकत घेतो, आणि ते घेण्यासारखे आहे. फक्त त्याच्या बदल्यात रक्तदाब उतरण्याची पावती मागू नये.

या आठवड्यात करायचे

तीस वर्षांवरील प्रत्येकाने दाब मोजून घ्यावा. उपकेंद्रात, प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा उपजिल्हा रुग्णालयात तो फुकट मोजतात. मोजण्याआधी अर्धा तास चहा, बिडी, खर्रा नको. लघवी करून यावे, पाठ टेकून पाच मिनिटे शांत बसावे, हात टेबलावर हृदयाच्या उंचीला ठेवावा, आणि मोजताना बोलू नये. आकडा वहीत तारखेसह लिहावा. जास्त निघाल्यास घाबरू नये, पण दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी पुन्हा मोजावा. १८०/११० च्या वर असल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.

मिठाच्या पुड्यावर तारीख टाकावी. ताटात भाजी दुप्पट करावी. गोळी चालू असेल तर ती रोज ठरल्या वेळी घ्यावी. या तीन गोष्टी घरात रुजल्या, तर भाकर शेणखताची असो की युरियाची, तिला दोष द्यायची किंवा तिच्यावर भिस्त ठेवायची पाळी येणार नाही. आणि तिन्ही गोष्टी करून वर भाकर शेणखताची असेल, तर दुधात साखर.